वार्धक्य आणि डिमेन्शियाच्या अभ्यासांतील गळती: ती कधी, कशी आणि कोणत्या क्रमाने हाताळावी

वृद्धांच्या दीर्घकालीन अभ्यासात पहिल्या फेरीला आलेले सगळे जण शेवटच्या फेरीपर्यंत टिकत नाहीत, हे सर्वांना ठाऊक असते. तरीही गळतीचा विचार बहुधा सगळ्यात शेवटी होतो. डेटा संगणकावर चढतो, रिकाम्या चौकटी दिसतात आणि मग त्या कशाने भरायच्या याचा शोध सुरू होतो. तोवर उशीर झालेला असतो, कारण चौकट रिकामी का राहिली हे कोठेच लिहिलेले नसते आणि ते नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरला शोधून काढता येत नाही.

डिमेन्शियाच्या बाबतीत ही चूक अधिक महागात पडते, कारण ज्या आजाराची नोंद घ्यायची आहे तोच आजार माणसाला अभ्यासाबाहेर नेतो. समजा, १००० सहभागींपैकी २०० जणांना पाच वर्षांत डिमेन्शिया झाला, म्हणजे खरे प्रमाण २० टक्के आहे. आजार झालेल्यांपैकी ४० टक्के आणि न झालेल्यांपैकी १० टक्के लोक शेवटच्या तपासणीला आले नाहीत. आता हाती उरले आजार असलेले १२० आणि नसलेले ७२०. प्रमाण निघाले १४.३ टक्के. आजाराचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग कागदावरून नाहीसा झाला, आणि १००० ऐवजी १०,००० माणसे घेतली असती तरी उत्तर तेच आले असते, फक्त ते अधिक ठामपणे चुकले असते.

पुढील टप्पे प्रत्यक्ष कामाच्या क्रमाने दिले आहेत. यातले पहिले पाच विश्लेषणाच्या आधीचे आहेत, आणि बहुतेकांचे अडते ते तिथेच.

टप्पा १: प्रश्न कोणत्या लोकांविषयी आहे ते ठरवा

पद्धत निवडण्याआधी एक भेद मनात पक्का करावा लागतो. जो सहभागी जिवंत आहे पण भेटला नाही, त्याच्या स्मरणशक्तीचे गुण अस्तित्वात आहेत. ते आपल्याला माहीत नाहीत इतकेच. जो वारला, त्याचे त्यानंतरचे गुण अस्तित्वातच नाहीत. या दोघांना एकाच ‘गैरहजर’ रकान्यात टाकणे ही या क्षेत्रातली सर्वांत सर्रास होणारी चूक आहे. नेहमीच्या वापरातले मिश्र परिणाम मॉडेल (प्रत्येक व्यक्तीच्या वेळोवेळच्या गुणांवर रेषा बसवणारे) ही चूक गुपचूप करते: ते मृत व्यक्तीची उतरती रेषा मृत्यूनंतरही पुढे चालू आहे असे धरते, आणि त्यातून ज्या जगात कोणी मरतच नाही अशा जगाचे वर्णन तयार होते. तेच हवे असेल तर हरकत नाही. पण नव्वदीतल्या लोकांविषयी बोलताना तसले जग क्वचितच कोणाच्या उपयोगाचे असते.

म्हणून प्रोटोकॉलमध्ये पुढीलपैकी नेमका कोणता प्रश्न आहे ते लिहून काढा.

पहिला प्रश्न असा असू शकतो की जिवंत असलेल्या लोकांची आकलनशक्ती त्या त्या वयात सरासरी किती असते. इथे मृत्यूनंतरचे काहीही भरायचे नाही. प्रत्येक वेळी जिवंत असलेल्यांपुरतेच बोलायचे.

दुसरा असा की अमुक वयाच्या माणसाला पुढील दहा वर्षांत डिमेन्शिया होण्याची शक्यता किती. इथे मृत्यू ही स्पर्धक घटना आहे, कारण आधी मृत्यू आला तर डिमेन्शिया होऊच शकत नाही. मृत्यूला साधी ‘पाठपुरावा संपला’ अशी नोंद मानून कॅप्लान-मायर वक्र (घटना न झालेल्यांचे प्रमाण काळानुसार दाखवणारा आलेख) काढला तर ही शक्यता फुगून येते. संचयी घटनाप्रमाण, म्हणजे ठरावीक काळात आजार झालेल्यांचे प्रमाण, काढताना मृत्यू वेगळा मोजावा लागतो.

तिसरा प्रश्न कारणाचा असतो: उच्च रक्तदाब किंवा धूम्रपान यांचा डिमेन्शियाच्या घडण्याशी संबंध आहे का. त्यासाठी जिवंत आणि अजून निरोगी असलेल्यांमधला आजाराचा वेग, म्हणजे कारणविशिष्ट हॅझर्ड, अधिक योग्य ठरतो. फाइन आणि ग्रे यांचे १९९९ मधले मॉडेल स्पर्धक मृत्यूसाठी लोकप्रिय आहे, पण ते मुख्यतः दुसऱ्या प्रश्नासाठी आहे. तिसऱ्या प्रश्नाला ते लावले की मृत्यू वाढवणारा घटक डिमेन्शियापासून ‘संरक्षण’ देताना दिसू शकतो.

औषधाच्या चाचणीत हाच विचार ‘एस्टिमँड’ (नेमके काय मोजायचे याची व्याख्या) या नावाने करावा लागतो. औषधचाचण्यांतील संख्याशास्त्राविषयीच्या आयसीएच ई९ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची २०१९ ची पुरवणी सांगते की औषध सोडणे, दुसरे औषध सुरू होणे, मृत्यू होणे अशा मधल्या घटनांचे काय करायचे ते आधीच ठरवावे. इथे औषध सोडणे आणि अभ्यास सोडणे यांची गल्लत होऊ देऊ नका. ज्याने गोळ्या बंद केल्या त्याला पुढील तपासण्यांना बोलावत राहणे शक्य असते आणि आवश्यकही असते.

पडताळणी: ‘मृत सहभागींच्या बाबतीत आमचा निष्कर्ष असे सांगतो की…’ हे वाक्य तुम्हाला पूर्ण करता आले पाहिजे. ते पूर्ण होत नसेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २: पहिल्या फेरीतच पुढच्या गळतीची तयारी करा

पहिली फेरी हीच अशी वेळ असते की सगळे सहभागी समोर असतात आणि बहुतेकांची निर्णयक्षमता शाबूत असते. त्या वेळी चार गोष्टी मिळवायच्या.

१. पायरीपायरीची संमती. ‘सहभागी’ आणि ‘बाहेर’ एवढे दोनच पर्याय ठेवले तर कंटाळलेला माणूस बाहेरचा पर्याय निवडतो. प्रत्यक्ष भेट नको पण फोन चालेल. फोन नको पण नातेवाइकाला विचारा. तेही नको पण वैद्यकीय नोंदी आणि मृत्युनोंद पाहा, असे टप्पे संमतिपत्रात आधीच असावेत आणि ते नैतिकता समितीकडून मंजूर करून घ्यावेत.

२. क्षमता घटल्यावर काय करायचे याविषयी सहभागीची स्वतःची इच्छा. पुढे समज कमी झाली तर अभ्यास चालू ठेवायचा का आणि त्या वेळी कोणाला विचारायचे, हे आज त्यांच्याच तोंडून लिहून घ्यावे. पुढे प्रतिनिधीची संमती मिळाली तरी प्रत्येक भेटीत सहभागीची राजीखुशी पाहावी लागते. मान फिरवणारा किंवा उठून जाणारा माणूस नकारच देत असतो.

३. संपर्काची माणसे. एकाच घरातल्या दोघांचे क्रमांक म्हणजे व्यवहारात एकच संपर्क, कारण घर बदलले की दोन्ही तुटतात. निदान एक व्यक्ती वेगळ्या पत्त्यावरची हवी. जोडीदार हाच माहिती देणारा असेल तर त्याचे वय आणि तब्येतही नोंदवा. कित्येकदा सहभागीची गळती ही खरे तर जोडीदाराच्या आजारपणाची असते.

४. गळतीचा अंदाज देणारी माहिती. ऐकू येणे, दिसणे, चालणे, नैराश्य, एकटे राहणे, प्रवासाची सोय, शिक्षण, आणि ‘पुढच्या वेळी यायला आवडेल का’ हा साधा प्रश्न. यांपैकी काही गोष्टी तुमच्या मुख्य प्रश्नाच्या नसतील. तरी टप्पा ७ मध्ये भार (कोणाच्या नोंदीला किती वजन द्यायचे तो आकडा) काढताना आणि गुण भरताना त्यांचाच आधार लागतो.

नमुन्याच्या आकाराविषयी थोडक्यात: शेवटी ३०० जण हवे असतील आणि २५ टक्के गळती अपेक्षित असेल तर ३०० भागिले ०.७५, म्हणजे ४०० जण घ्यावेत. याने अचूकता टिकते, बायस, म्हणजे निष्कर्षाचा एका दिशेला झुकाव, जात नाही.

इशारा: सर्वांत मोठी गळती कधी कधी पहिल्या फेरीच्या आधीच झालेली असते. स्वतःहून पुढे येणारे स्वयंसेवक सरासरीपेक्षा निरोगी आणि शिकलेले असतात. स्मृती-चिकित्सालयातून घेतलेले लोक उलट टोकाचे असतात. त्यातच वय ८० ला अभ्यासात येणारा धूम्रपान करणारा माणूस हा त्याच्या पिढीतल्या धूम्रपान करणाऱ्यांचा नमुना नसतो. तो त्यांच्यातून वाचलेला, कदाचित विशेष काटक असा एक असतो. अशा निवडीमुळे हानिकारक सवय निरुपद्रवी दिसू लागते. पाठपुराव्यातील गळतीसाठी काढलेले भार या आधीच्या निवडीला हातही लावत नाहीत. त्यामुळे बोलावलेले किती, पात्र किती, नकार किती आणि नकार देणाऱ्यांचे वय व लिंग काय, एवढे तरी प्रवेशापूर्वीच टिपून ठेवा.

टप्पा ३: भेटीची शिडी आधी ठरवा

सहभागी केंद्रावर येऊ शकत नाही म्हणजे तो संपला, असे धरायचे नाही. खाली उतरत जाणारी एक शिडी असावी: केंद्रावरची पूर्ण तपासणी, नाहीतर घरी जाऊन तपासणी, नाहीतर फोनवरची संक्षिप्त चाचणी, नाहीतर नातेवाइकाची मुलाखत, आणि काहीच नाही तर नोंदींवरून जिवंत-मृत आणि निदान एवढी माहिती. नातेवाइकासाठी आयक्यूकोडसारखी प्रश्नावली आहे. तिच्या छोट्या आवृत्तीत १६ प्रश्न असून दहा वर्षांपूर्वीच्या तुलनेत बदल १ ते ५ या श्रेणीत विचारला जातो आणि ३ म्हणजे काही बदल नाही. अमेरिकेतील हेल्थ अँड रिटायरमेंट स्टडी १९९२ पासून चालू आहे; तिथे स्वतः उत्तरे देऊ न शकणाऱ्यांसाठी प्रतिनिधीची मुलाखत घेतली जाते आणि सहभागीच्या मृत्यूनंतर जवळच्या व्यक्तीची अखेरची मुलाखतही होते.

शिडी वापरताना तीन नियम पाळावेत. कोणत्या पायरीवरून माहिती आली ते प्रत्येक नोंदीत वेगळ्या रकान्यात लिहावे. पायरी केव्हा उतरायची याचा नियम सर्व गटांना सारखाच असावा, नाहीतर उपचार गटाला घरी भेटी आणि तुलना गटाला फोन असा नवा बायस आपणच तयार करतो. आणि फोनवरचे गुण व समोरासमोरचे गुण थेट एका स्तंभात मिसळू नयेत; काही सहभागींची दोन्ही प्रकारे तपासणी करून त्यांच्यातला संबंध आधी तपासावा.

चाचण्यांचा क्रमही गळती ठरवतो. दोन तासांच्या तपासणीत मुख्य निकषाची, म्हणजे ज्या मापावर निष्कर्ष ठरतो त्याची, चाचणी शेवटी ठेवली तर थकलेला माणूस नेमकी तीच सोडतो. ती सुरुवातीला घ्या. लांबलचक जीवनशैलीची प्रश्नावली दुसऱ्या दिवशी फोनवरही होऊ शकते.

नेहमीची चूक: शिडी नीट राबवायची, नातेवाइकांच्या मुलाखती मेहनतीने मिळवायच्या आणि विश्लेषणात मात्र ‘फक्त स्वतः उत्तर दिलेले’ सहभागी घ्यायचे. ज्यांच्यासाठी शिडी बांधली त्यांनाच असे वगळले जाते.

टप्पा ४: कारण नोंदवा, आणि ते कोणी सांगितले तेही

माझ्या मते संपूर्ण प्रक्रियेतला हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा आहे. एक उदाहरण जवळून पाहू. मुलाखतकार तिसऱ्या फेरीसाठी फोन करते. मुलगा फोन उचलतो आणि म्हणतो, “आईला आता नाही जमणार हो. परवाच्या वेळी घरी आल्यावर खूप अस्वस्थ झाली होती. राहू द्या.” मुलाखतकार तक्त्यात ‘नकार’ या चौकटीत खूण करते आणि पुढच्या नावाकडे वळते.

या एका खुणेने चार गोष्टी हरवल्या. नकार सहभागीने दिला नाही, मुलाने दिला. त्याच्या मागे चाचणीनंतरची अस्वस्थता होती, म्हणजे बहुधा घसरलेली आकलनशक्ती. फोनवरची किंवा मुलाची स्वतःची मुलाखत विचारलीच गेली नाही. आणि हा नकार या फेरीपुरता की कायमचा, हेही समजले नाही. विश्लेषणाच्या वेळी ही बाई ‘वेळ नाही’ म्हणणाऱ्या तंदुरुस्त माणसाच्या शेजारी जाऊन बसेल.

नोंदीच्या तक्त्यात म्हणून निदान एवढे रकाने हवेत:

१. निर्णय कोणी कळवला: सहभागी, जोडीदार, अपत्य, संस्थेतील कर्मचारी, इतर.
२. मुख्य कारण: मृत्यू, शारीरिक आजार, स्मरण किंवा आकलनातील अडचण, चाचणीचा त्रास, काळजीवाहकाचा ताण, स्थलांतर, वृद्धाश्रमात दाखल, संपर्क तुटला, रस नाही, अभ्यासाकडूनच भेट रद्द.
३. शिडीची कोणती पायरी देऊ केली आणि उत्तर काय मिळाले.
४. या फेरीपुरते की कायमचे.
५. सहभागी शेवटचा जिवंत असल्याचे कळले ती तारीख, आणि मृत्यू असल्यास मृत्यूची तारीख.
६. सांगणाऱ्याचे शब्द, एका ओळीत, जसेच्या तसे.

सहावा रकाना बिनकामाचा वाटतो. पण कारणांची यादी नंतर बदलावी लागली तर जुन्या नोंदी पुन्हा वर्गवार लावायला तेवढाच आधार उरतो.

चाचणीच्या आतली गळतीही अशीच सांभाळावी लागते. दिसत नाही म्हणून चित्र काढले नाही, ऐकू आले नाही म्हणून शब्द उच्चारले नाहीत, आठवले नाही म्हणून उत्तर दिले नाही, आणि ‘हे काय लहान मुलांसारखे’ म्हणून नकार दिला, या चार वेगळ्या घटना आहेत. मिनी मेंटल स्टेट एक्झॅमिनेशनसारख्या ३० गुणांच्या चाचणीत चारही ठिकाणी शून्य लिहिले गेले तर चष्मा विसरलेला माणूस डिमेन्शियाचा रुग्ण ठरू शकतो. शून्य म्हणजे ‘प्रयत्न केला, चुकला’. बाकी प्रत्येकाला वेगळा संकेतांक द्या.

टप्पा ५: गळती चालू असतानाच मोजा

फेरी संपायची वाट पाहू नका. ठरावीक अंतराने एक छोटा तक्ता काढा: अपेक्षित भेटी, झालेल्या भेटी, शिडीची पायरी, आणि हे सारे गट, वय, मागील फेरीचे गुण आणि मुलाखतकार यांनुसार. शेवटची बाब, मुलाखतकार, विसरू नये. एखाद्याच मुलाखतकाराकडे नकार साचत असतील तर तो प्रशिक्षणाचा प्रश्न आहे, आजाराचा नव्हे.

एकूण टक्केवारीवर समाधान मानणे घातक आहे. दोन्ही गटांत १५ टक्के गळती असूनही एका गटातले लोक दुष्परिणामांमुळे आणि दुसऱ्यातले प्रकृती खालावल्यामुळे गेले असतील, तर आकडे जुळूनही तुलना बिघडलेली असते.

पडताळणी: मागील फेरीत सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या पाचव्या हिश्श्यातील किती जणांशी या फेरीत कोणत्याही पायरीवर संपर्क झाला? हा एकच आकडा नियमित पाहिला तरी बरेच काही वेळेत लक्षात येते.

टप्पा ६: मॉडेल लावण्याआधी गळतीचे चित्र काढा

प्रथम प्रवाहरेखाचित्र: प्रत्येक फेरीला किती पात्र, किती मृत, किती जिवंत पण न भेटलेले, किती परतलेले. मृत आणि न भेटलेले यांचे बाण वेगवेगळे काढायचे.

मग टिकलेले आणि गेलेले यांची तुलना. इथे बहुतेक जण पहिल्या फेरीतली वैशिष्ट्ये शेजारी ठेवतात आणि फरक नाही म्हणून निश्चिंत होतात. एवढे पुरत नाही. दहा वर्षांपूर्वीचे गुण सारखे असले तरी जाण्यापूर्वीच्या शेवटच्या भेटीत गेलेल्यांची घसरण सुरू झालेली असू शकते. म्हणून सहभागींचे ‘किती फेऱ्यांपर्यंत टिकले’ यानुसार गट पाडा आणि प्रत्येक गटाची रेषा त्याच्या अखेरच्या भेटीपर्यंत काढा. लवकर गेलेल्यांच्या रेषा अधिक खाली झुकलेल्या दिसल्या तर गळती आकलनशक्तीशी जोडलेली आहे, हे उघड होते.

इशारा: प्रत्येक फेरीला हजर असलेल्यांची सरासरी काढून ती जोडू नका. अशक्त लोक गळत जातात, उरलेले त्याच चाचण्यांना सरावतात, आणि रेषा सपाट राहते किंवा चढूही लागते. वय वाढताना स्मरणशक्ती सुधारते असा ‘शोध’ याच मार्गाने लागतो.

गळतीचे तीन प्रकार रुबिन यांनी १९७६ मध्ये मांडले. गैरहजेरीचा कशाशीही संबंध नाही, हा पहिला. हाती असलेल्या नोंदी लक्षात घेतल्यावर न दिसलेल्या गुणांशी तिचा संबंध उरत नाही, हा दुसरा. सगळे लक्षात घेऊनही ती न दिसलेल्या गुणांवर अवलंबून राहते, हा तिसरा. डिमेन्शियाच्या अभ्यासात पहिला प्रकार जवळपास गृहीत धरूच नये. लिटल यांची १९८८ मधली कसोटी फक्त पहिल्या प्रकाराची शंका घेते. तिचा निकाल अनुकूल आला म्हणून तिसरा प्रकार नाही असे सिद्ध होत नाही. दुसरा की तिसरा हे डेटावरून ठरतच नाही. ते टप्पा ४ मधल्या कारणांवरून, तर्काने ठरवावे लागते.

टप्पा ७: मुख्य विश्लेषण, आणि काय टाळायचे

आधी टाळायच्या गोष्टी. फक्त सर्व फेऱ्या पूर्ण केलेल्यांचे विश्लेषण करू नका. रिकाम्या जागी सरासरी भरू नका. आणि शेवटचे गुण पुढे ओढू नका. ही शेवटची पद्धत डिमेन्शियाच्या औषधचाचण्यांत फार काळ चालली. तिच्यातला दोष असा: आजार उतरता आहे, एखाद्याने मळमळीमुळे तिसऱ्या महिन्यात औषध सोडले आणि त्याचे त्या वेळचे २३ गुण अठराव्या महिन्यापर्यंत तसेच ठेवले, तर औषध सहन न झालेला माणूस औषधाने स्थिर राहिलेला ठरतो. ज्या गटात लोक लवकर गळतात त्याच गटाला याचा फायदा होतो.

गळती दुसऱ्या प्रकारची मानता येत असेल तर मिश्र परिणाम मॉडेल, बहुविध आरोपण (रिकाम्या जागा अंदाजाने अनेकदा भरून डेटाचे अनेक संच करणे) किंवा व्यस्त संभाव्यता भार यांपैकी एक निवडता येते. टप्पा १ मधला मृत्यूचा निर्णय इथे अमलात आणायचा असतो. भार काढण्याचा क्रम असा:

१. प्रत्येक फेरीसाठी फक्त त्या वेळी जिवंत असलेले सहभागी घ्या. मृत्यूसाठी भार द्यायचा असेल तर ते मृत माणसे जिवंत कल्पिण्यासारखे आहे, हे लक्षात ठेवून वेगळा निर्णय घ्या.
२. भेट झाली की नाही यावर लॉजिस्टिक मॉडेल (हो-नाही अशा निकालाची शक्यता काढणारे) बसवा. त्यात मागील फेरीचे गुण, त्यांतील बदल, तब्येत, ऐकणे-पाहणे, एकटेपणा आणि अभ्यासाचा मुख्य घटक (उदा. धूम्रपान) असावा.
३. भेट होण्याची संभाव्यता उलटी करा. ज्यांच्यासारख्या लोकांपैकी निम्मेच आले, त्यांचा भार २ होतो. ते स्वतःबरोबर न आलेल्या एकेकाचेही प्रतिनिधित्व करतात.
४. फेऱ्यांचे भार क्रमाने गुणा आणि स्थिर केलेले भार (फार मोठे होऊ नयेत म्हणून भेटीच्या सर्वसाधारण शक्यतेने गुणलेले) वापरा. त्यांची सरासरी १ च्या जवळ असावी.
५. सर्वांत मोठे भार पाहा. एखाद्या माणसाचा भार ४० असेल तर संपूर्ण निष्कर्ष त्याच्या खांद्यावर उभा असतो. मॉडेल तपासा, गरज पडल्यास टोकाचे भार छाटा, आणि छाटण्यापूर्वीचा व नंतरचा असे दोन्ही निकाल ठेवा.

शेवटच्या भेटीपर्यंतची माहिती गळतीचे पुरेसे स्पष्टीकरण देत असेल तरच हे भार कामाचे. गेल्या भेटीनंतर अचानक पक्षाघात झाला आणि माणूस आला नाही, तर कोणताही भार ते ओळखत नाही.

बहुविध आरोपण करायचे असेल तर भरण्याच्या मॉडेलमध्ये निकषाचे गुण, सर्व फेऱ्या आणि टप्पा २ मधली साहाय्यक माहिती, नातेवाइकांच्या उत्तरांसह, असावी. निकष वगळून केलेले आरोपण संबंध फिका करते. संचांची संख्या निदान अपूर्ण सहभागींच्या टक्केवारीइतकी ठेवावी, असा रूढ ठोकताळा आहे. मृत्यूच्या तारखेनंतरच्या चौकटी भरल्या गेल्या असतील तर त्या पुन्हा रिकाम्या करा.

निकष ‘डिमेन्शियाचे निदान’ असा असेल तर आणखी एक सापळा आहे. निदान भेटीतच होते. दोन भेटींमध्ये आजार झाला आणि पुढील भेटीआधी मृत्यू आला, तर तो आजार नोंदलाच जात नाही. भेटींमधले अंतर दोन-तीन वर्षांचे असेल तर असे बरेच जण निसटतात, आणि मृत्यू वाढवणाऱ्या घटकाच्या गटात अधिक निसटतात. त्यांना शेवटच्या भेटीवर ‘आजार नाही’ म्हणून थांबवण्याऐवजी निरोगी, आजारी, मृत अशा तीन अवस्थांचे आणि आजाराची वेळ दोन भेटींच्या दरम्यान अज्ञात मानणारे मॉडेल वापरावे. हे काम संख्याशास्त्रज्ञाबरोबर बसूनच करावे. मृत्युपूर्व काळाविषयी नातेवाइकाची अखेरची मुलाखत असेल तर हे काम पुष्कळ सोपे होते.

टप्पा ८: गृहीतक वाकवून पाहा

तिसऱ्या प्रकारची शक्यता नाकारता येत नसेल, आणि ती सहसा येत नाही, तर निष्कर्ष किती ताण सोसतो ते मोजा. सोपा मार्ग असा: आरोपणाने भरलेले गुण आणखी १, २, ३ असे कमी करत जा आणि प्रत्येक वेळी विश्लेषण पुन्हा करा. चाचणीत दोन गट असतील तर घट दोन्ही गटांत वेगवेगळीही करून पाहा. निष्कर्ष कोणत्या घटीला उलटतो तो बिंदू शोधा.

मग कारणांच्या तक्त्याकडे परत जा. उलटण्यासाठी न आलेल्यांचे गुण अंदाजापेक्षा ८ ने कमी असावे लागत असतील आणि बहुतेक जण स्थलांतरामुळे गेले असतील, तर निष्कर्ष टिकाऊ मानता येईल. दीड गुणात तो उलटत असेल आणि निम्म्या नोंदींत ‘आकलनातील अडचण’ असे लिहिलेले असेल, तर निष्कर्ष फारसा उरत नाही, मग मुख्य तक्त्यातला पी मूल्याचा (खरा फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याच्या शक्यतेचा) आकडा कितीही लहान असो.

इशारा: किती घट करून पाहायची ती कक्षा निकाल पाहण्याआधी लिहून ठेवा.

टप्पा ९: लेखात काय लिहायचे

निरीक्षणात्मक अभ्यासांसाठी २००७ पासून स्ट्रोब ही लेखनाची तपासयादी आहे, आणि डिमेन्शियातील निवड, गळती, मृत्यू व मोजमाप यांच्या अडचणी कशा मांडाव्यात यासाठी डिमेन्शियाच्या दीर्घकालीन अभ्यासांच्या पद्धतींवर काम करणाऱ्या मेलोडेम गटाने २०१५ मध्ये मार्गदर्शन दिले. त्यांतले बहुतेक मुद्दे वर आलेच आहेत. लेखात प्रवाहरेखाचित्र, कारणांचा तक्ता, शिडीच्या प्रत्येक पायरीवरून आलेल्या नोंदींची संख्या, भारांचा पसारा आणि उलटण्याचा बिंदू असावा. ‘गळती झाली, हा अभ्यासाचा मर्यादाबिंदू आहे’ असे एक वाक्य चर्चेच्या शेवटी टाकून मोकळे होऊ नये. बायस कोणत्या दिशेने आणि साधारण किती असू शकतो, ते लिहावे.

हस्तलिखित पाठवण्याआधी एक शेवटची पडताळणी करा. अभ्यासाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त तक्ते आणि आकृत्या द्या आणि पहिल्या फेरीच्या एकूण आकड्यापासून शेवटच्या विश्लेषणातल्या आकड्यापर्यंत प्रत्येक माणसाचा हिशेब लावायला सांगा. हिशेब जिथे तुटतो तिथे बहुधा मृत आणि न भेटलेले पुन्हा एकत्र मोजले गेलेले असतात.